एसटी पाचला, ताप रात्री

"काय होतंय लेकराला?"

"अजून काय न्हाई, सिस्टर."

असं म्हणून आजोबा हाताची उलटी बाजू नातीच्या कपाळाला लावायचे, मग स्वतःच्या, आणि दारासमोरच्या बाकावर बसायचे. बीडमधल्या मुलांच्या दवाखान्यात, तातडीच्या विभागात मी नर्स आहे. तिथं लोक धावत येतात, रडत येतात. हे मात्र नातीची वेणी घालून, भाकरी बांधून यायचे. तुम्हीच सांगा, अशा माणसाचा केसपेपर काय म्हणून काढायचा?

"काय न्हाई तर आलात कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं.

"अंग कोमट लागतंय. ताप चढला की हिला झटके येतात, आन् चढतो रातीलाच. आमच्या वाडीतून शेवटची यष्टी पाचला. ताप थांबंल का यष्टीसाठी?"

वाडी पाटोद्याच्या पलीकडची. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, चार वर्षांची नात यांच्या हवाली. घरात दुसरं कुणी नाही. आठवड्यातून एक-दोनदा तरी दोघं यायचीच. बहुतेक वेळा ताप यायचाच नाही, आणि सकाळच्या एसटीनं स्वारी परत जायची. आमचा वॉचमन त्यांना 'आगाऊ बुकिंगवाले' म्हणायचा. आजोबाही हसायचे.

एकदा मात्र पोरीला बाकावरच झटका आला. पाच मिनिटांत ती शुद्धीवर होती.

"बघा," घाम पुसत आजोबा म्हणाले, "आपलं टायमिंग लई भारी."

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुढं जे बोलायला नको होतं, ते मी बोललेच.

तापाची साथ होती. एका खाटेवर दोन-दोन मुलं, बाकावरही सलाईन लावलेली. त्यात हे आले, धुतल्या कपड्यांत. माझं डोकंच फिरलं.

"आजोबा, ही धर्मशाळा आहे का? ताप आला तर औषध द्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, घरी थांबा. काही झाल्यावर या!"

ते लगेच उठले. "बरं. तुमी म्हनता तर," म्हणाले आणि नातीचं बोट धरून निघून गेले. मी सांगितलं त्यात पुस्तकाप्रमाणं चूक नव्हती. वाडीतून निघायला गाडी नसते, एवढं फक्त पुस्तकात नव्हतं. मला ते माहीत होतं.

पंधरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास दुधाचा टेम्पो दारात उभा राहिला. आजोबांच्या खांद्यावर गोधडीत पोर. झटका पहाटे सुरू झालेला, थांबलाच नव्हता. तिला घेऊन ते फाट्यापर्यंत चालत आले होते, तिथं पहिली गाडी हीच मिळाली.

पोर वाचली. पण उजव्या हातातून भाकरीचा तुकडा गळून पडायचा. सुधारेल, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा साखर कारखान्यावरून आला, त्यानं बापाच्या हातातून पोर काढून घेतली.

पोरीला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी आजोबा माझ्या टेबलापाशी आले. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सिस्टर, तुमी सांगितलं तसंच केलं. औषध दिलं, पुसलं, थांबलो. माझं काय चुकलं का?"

"नाही, आजोबा."

"मग एवढं माझ्या पोराला सांगता का? त्याला वाटतंय, म्हातारा झोपून राहिला."

मी म्हणाले, "सांगते." हातात दुसऱ्याच लेकराचं इंजेक्शन होतं. ते देऊन मान वर केली, तर मुलगा पोरीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर पडत होता आणि आजोबा थोडं अंतर ठेवून मागं चालत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मग माझ्या तोंडून काय काय निघालं असतं, याची मला भीती वाटली.

पोरीला मुलानं आपल्याबरोबर नेलं, असं टेम्पोवाल्याकडून कळलं. आजोबा वाडीत एकटेच असतात म्हणे. मुलाचा फोन नंबर केसपेपरवर आहे. तो केसपेपर मी तीनदा बाहेर काढला, तीनदा परत ठेवला.