गेटवरची तांबडी

लाटंबार्सेचा सगुण गावस फौजेतून हवालदार म्हणून परतला आणि सुर्ल्याला एका खाणीच्या गेटवर रखवालदार लागला. तिथली तांबडी कुत्री दोन वर्षं त्याच्याच हातचं खात होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी भिकाजी ट्रक मागे घेत असताना ती चाकाखाली आली. कंबर मोडली, पण जीव होता. भिकाजी सावंतवाडीकडचा, मऊ मनाचा ड्रायव्हर. तो पाणी आणायला धावला. परत आला तेव्हा तांबडी निपचित पडली होती, तिच्या डोक्याशी रक्ताने माखलेला दगड होता आणि सगुण दोन हात अंतरावर डबा सोडून जेवत बसला होता.

"हवालदारांनू, हात तरी धुवल्यात?" एवढंच भिकाजी म्हणाला.

सगुणने हातांकडे पाहिलं. धुतले नव्हते. त्याने ते पाण्याने खळखळून धुतले आणि उरलेला भात संपवला. जवळच साखळी गावात गुरांचा डॉक्टर आहे, आपण तिला ट्रकमध्ये घालून पंधरा मिनिटांत नेलं असतं, असं भिकाजी नंतर सगळ्यांना सांगत राहिला. तो खोटं बोलत नव्हता. सगुणच्या मनात मात्र डॉक्टर आलाच नव्हता. विव्हळणं थांबवायचं, एवढंच आलं होतं.

त्या दिवसापासून भिकाजी त्याच्याजवळ जेवायला बसेना.

गोष्ट फिरत फिरत गावात आली. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराकडून त्याच्या बायकोने, देवकीने ती ऐकली. रविवारी दोघं नवरा-बायको बोंडूंपासून काजूच्या बिया पिरगळून वेगळ्या करत बसली होती, तेव्हा तिने विचारलं. सगुणने हात न थांबवता सांगितलं आणि त्याच ओघात पंचवीस वर्षं न सांगितलेलंही सांगून टाकलं.

तेव्हा तो तिशीच्या आत होता. बर्फातलं एक ठाणं त्यांनी पहाटे घेतलं. समोरच्यांचा एक पोर जखमी होऊन खडकाआड पडला होता. तो पाणी मागत होता, आणि त्याच्या आवाजावरून वर तोफगोळे येतील अशी सगळ्यांना धास्ती होती. सगुणने दगड उचलला. नंतर त्याच खडकाला टेकून त्याने पुरीचं पाकीट फोडलं. वर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. खाली सुट्टीवर आल्यावर गावाने शाल दिली.

"तुमका काय वाटलां नाय?"

"नाय. भूक लागलेली."

देवकीला सासूचं मरण आठवलं. त्या दिवशी सगुणने दाढी केली, अग्नी दिला, घरी येऊन पेज प्यायली. तिने तेव्हा शेजारणींना अभिमानाने सांगितलं होतं की फौजी माणूस, मन घट्ट आहे. आता तिच्या हातातला बोंडू नुसताच चिरडला गेला.

"आमच्यातलां कोण असा पडला तर?"

हो-नाही तोंडावर फेकून मोकळा होणारा माणूस नव्हता तो. त्याने खरोखर विचार केला. मुलगी सिद्धीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला.

"म्हायत नाय," तो म्हणाला.

देवकी उठली, घागर घेऊन विहिरीवर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने सिद्धीला म्हापशाहून बोलावून घेतलं. सिद्धी औषधांच्या दुकानात काम करते. तिने चार ठिकाणी विचारून मनाच्या डॉक्टरकडे बापाचा नंबर लावला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. झोप कशी लागते, राग येतो का, असं विचारत गेल्या. झोप चांगली लागते, राग येत नाही, सगुण सांगत गेला. मग त्यांनी, सिद्धीने आधी सांगितलेल्या बर्फातल्या त्या पोराचा चेहरा आठवतो का, असं विचारलं.

सगुणने डोळे मिटून शोधलं. पाणी मागणारा आवाजही सापडला नाही. त्याला फक्त पुरीबरोबरच्या लोणच्याची चव आठवली, लिंबाचं होतं, थंडीने गोठलेलं. त्याने तसं सांगितलं.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

तो जातो. बसने जातो, वेळेवर जातो.