कूलरचं पाणी

लकवा झाल्यापासून हे फार थोडं बोलतात, आणि जे बोलतात ते लहानपणच्या अहिराणीत. आमचा संसार सगळा जळगावात झाला, घरात ती बोली कधी नव्हती. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. पण यांना बोलायचं असतं एकाच विषयावर. डोळे उघडले की खिडकीकडे मान वळायची आणि प्रश्न यायचा, "फूल उनं का?" म्हणजे, फूल आलं का?

खिडकीत अँथुरियमचं झाड होतं. माझ्या नणंदेनं धुळ्याहून भावासाठी आणलेलं, तेव्हा दोन लालभडक फुलं होती. "वहिनी, पानी जपीसन टाकजो," एवढंच सांगून ती गेली. उन्हाळा लागला, फुलं वाळली आणि पानांच्या कडा करपायला लागल्या.

मला वाटलं, तहानलंय. पाणी वाढवलं. मग वाटलं, उपाशी आहे. खत घातलं. कडा आणखी काळ्या पडल्या. शेजारणी येऊन आपापलं शहाणपण सांगून गेल्या, मी तेही सगळं केलं. यांचं अंग पुसायचं, औषधं द्यायची, कूस बदलायची, आणि वर हे लाडकं झाड! एकदा मी वैतागून म्हणाले, "मेलंय ते, फेकते आता." यांनी चांगला हात उचलला. "जित्तं शे." मग दिवसभर गप्प. मी घाबरले. ते झाड गेलं तर यांचं बोलणंही जाईल, हे मला त्या दिवशी कळलं.

कूलर घासायला काढला तेव्हा डोकं चाललं. त्याच्या जाळीतल्या गवतावर पांढरा खार कडक झालेला. तसलाच खार मी कुंडीच्या मातीवर पाहिला होता. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, त्यामुळे कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुणी सांडत नाही, कुंड्यांत जातं. मीही तेच करत आले. टाकीत भरतो ते बोअरचं खारं पाणी, दिवसभर वाऱ्यानं उडून आणखी खारं झालेलं, ते मी रोज मोठ्या काटकसरीनं त्या झाडाला पाजत होते. वर खताचा खार वेगळाच.

कुंडी मोरीत नेली आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार तिच्यातून हळूहळू जाऊ दिला. भर मे महिन्यात प्यायचं पाणी मोरीत वाहताना बघून जीव तुटत होता. पण खालून गढूळ, मग निवळ पाणी आलं. खत बंद केलं. कुंडी कूलरच्या झोतातून काढून यांच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवली. तेव्हापासून कूलरचं पाणी अंगणात आणि जारमधलं पाणी झाडाला.

फूल अजून नाही. पण परवा एक पान उलगडलं, कोवळं, कडेला डाग नाही. मी कुंडी यांच्या तोंडाजवळ धरली. हे बराच वेळ बघत राहिले.

दुपारी गोळी दिली. यांनी अर्धा ग्लास पाणी पिऊन उरलेलं माझ्याकडे सरकवलं. सवयीनं मी ग्लास उचलला आणि कुंडीकडे वळले.

"त्याले नही," हे म्हणाले. "तू पे."

सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा पोटात गेलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि ग्लास रिकामा केला.