द्यायघ्यायची

"हिच्यावर टाकून बघा. हिच्यावर रंग उठला तर आपल्या पोरीवर उठंलच."

नवरीची आई असं म्हणाली तेव्हा मी काउंटरमागं उभी राहून साड्यांच्या घड्या घालत होते. शेठनी बोटानं मला पुढं बोलावलं. माझ्या खांद्यावर लाल शालूचा पदर टाकला. समोर खुर्च्यांवर सात-आठ बाया होत्या. त्यांनी आधी शालू बघितला, मग माझा चेहरा. मी काळी आहे. एकीनं तोंडाला रुमाल लावला आणि सगळ्या हसल्या.

नवरी हसली नाही. ती मोबाइलमध्ये बघत राहिली. तिचं नाव सानिका. पहिली ते आठवी आम्ही एका वर्गात होतो. आत आल्या आल्या तिनं मला ओळखलं होतं. मी पण तिला ओळखलं होतं. 

जुन्या जालन्यातल्या ह्या दुकानात मला दोन वर्षं झाली. गिऱ्हाईक असो-नसो, आम्ही बायांनी बसायचं नाही. संडास वर, शेठच्या घरात. जायचं तर विचारून, म्हणून सगळ्या पाणी कमी पितात. मीही प्यायचे नाही. उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, दिवसाला तीन बाटल्या पाणी, आणि रोखून धरायचं नाही.

तेव्हा मी स्वतःसाठी दोन गोष्टी ठरवल्या. पाणी प्यायचं. आणि दुपारच्या अर्ध्या तासात मागच्या गोडाऊनमध्ये गठ्ठ्यांवर बसून एक पान लिहायचं. मी गोष्टी लिहिते. हे दुकानात कुणाला माहीत नाही. रुखसाना आपा, आमच्यातली सगळ्यात जुनी, विचारायची, "काय लिहून राह्यली गं?" मी म्हणायचे, अभ्यास. इंग्रजीत लिहायचे. माझ्या गोष्टीतल्या मुलींना समुद्राकडं उघडणारी खिडकी असायची. मी समुद्र पाहिलेला नाही. त्यांच्यातली एकही मुलगी दुकानात उभी राहत नव्हती.

आज दुपारी पान राहिलं. डबाही राहिला. बाराला सानिकाचा बस्ता आला. लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत घ्यायची, म्हणजे बस्ता. आधी नवरीचं, मग मानाच्या साड्या, शेवटी द्यायघ्यायच्या. द्यायघ्यायची साडी सहसा कुणी नेसत नाही. जिला मिळते ती घडी न मोडता पुढच्या लग्नात दुसरीला देते.

"द्यायघ्यायच्या एकोणतीस काढ," शेठ म्हणाले.

मी काढल्या. शेठनी ढीग बघितला.

"इंग्लिश, किती काढल्या?"

मला ते इंग्लिशच म्हणतात.

"थर्टी नाइन."

आठवीपर्यंतची शाळा इंग्रजीत झाली. एकोणतीस ऐकलं की मला तीस ऐकू येतं आणि मी तिसाच्या पुढं जाते. एकोणपन्नासला पन्नासच्या पुढं. अजूनही.

पुन्हा हसू. आता सानिकाच्या आईनं मला नीट बघितलं.

"अगं, तू आमच्या सानूच्या वर्गातली न्हाई का?" आणि माझ्या उत्तराआधी शेठला, "आमच्या पोरीसंगं होती. आरटीईची. आम्ही एवढाली फी भरायचो, अन् हे लोक फुकट. तरी बघा, एकोणतीस येईना."

आरटीई म्हणजे मोठ्या शाळांत गरिबांच्या मुलांसाठी ठेवलेल्या जागा. पुस्तकं वाटताना मॅडम म्हणायच्या, "आरटीई, स्टँड अप." आम्ही सहाजण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून बघायचा. नववीपासून फी लागते, म्हणून माझी ती शाळा आठवीत सुटली. उभं राहायची सवय सुटली नाही.

सानिकाच्या आईनं ढिगातली एक साडी उचलली. मोरपंखी, काठ विरळ.

"घे. गरिबाचा आशीर्वाद लागतो."

"घे न् पाया पड ताईंच्या," शेठ म्हणाले.

माझे हात काउंटरवर होते. ते उचलले गेले नाहीत. आपा मागून कुजबुजली, "घे ना बेटा, जल्दी. तुला नको तर मला दे, माझ्या नणंदेला खपवते."

"मला नको," मी म्हणाले.

आवाज बारीक निघाला.

"काय?" शेठ.

"मला साडी नको, काकू." मग मी सानिकाकडं वळले. "सानिका, माझं नाव सांग ह्यांना."

आठ वर्षं हजेरीत तिच्या नावाच्या पुढचंच नाव माझं होतं. सानिकानं वर बघितलं. एक क्षण मला वाटलं, सांगेल.

"मम्मी, चल ना, उशीर होऊन राह्यला," ती म्हणाली.

त्या गेल्या. बस्ता मोडला नाही, सगळा माल घेऊन गेल्या. तरी शेठ म्हणाले, "उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची. न्हाईतर इथं पाय ठेवू नको."

चार वाजले होते. मी बाटलीभर पाणी प्यायले. वर गेले, न विचारता. खाली येऊन गोडाऊनमध्ये बसले आणि वही उघडली. सवयीनं लिहिलं, The girl. खोडलं. मराठीत लिहिलं, मी. ऱ्हस्व-दीर्घ चुकत होतं. चुकू दिलं.

आपा दारात आली. "काय लिहून राह्यली?"

"आजचं."

"माझं टाकलं?"

"टाकलं. नणंदेचं पण."

"मंग बराबर लिही," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

माफी मागायला मी जाणार नाही. दुकानात जाणार, दहाला. काढायचं असेल तर शेठनी गिऱ्हाइकांसमोर काढावं, माझं नाव घेऊन. ठेवलं तर साडी काउंटरवर उलगडून दाखवीन, हातावर घेऊन दाखवीन. माझ्या अंगावर टाकू देणार नाही.

आणि लिहीन. इंग्रजीत लिहिलं तर सानिका एकटी वाचेल. मला तिच्या आईनं वाचायला हवं आहे.