गोठलेलं मीठ

सातपूरच्या आमच्या कारखान्यात वितळलेल्या मिठावर चालणारी एक बॅटरी होती. दिवाळीच्या सुट्टीत वीज वाचवायला मीच तिचा हीटर बंद केला. परतल्यावर मीटर शून्यावर दिसला, तेव्हा वैतागून तिच्यावर खडूनं ‘भंगार’ लिहिलं.

तपासायला आलेल्या वयस्कर मेकॅनिकनी मीटरकडे पाहिलंही नाही. “हीटर कधी बंद केला?” एवढंच विचारून त्यांनी तो चालू केला आणि स्टूल ओढून बसले. दिवसभरात एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. इतकं निश्चिंत बसणं मी कुणाचं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीठ वितळलं आणि शेडचे दिवे बॅटरीवर लागले.

“चार्ज आला कुठून?” मी विचारलं.

“गेलाच नव्हता, साहेब. बॅटरीतल्या निकेलच्या क्लोराईडात तसाच हाय. मीठ गोठलं, म्हणून वाट बंद होती.”

मग खिशातलं फडकं माझ्या हातात देऊन त्यांनी हनुवटीनं माझ्या अक्षरांकडे खूण केली.