अकरा महिन्यांची मुलं

मे महिन्याच्या दुपारी खाडीला ओहोटी लागली की आमच्या खिडकीतून चिखलाचा आणि खारटपणाचा एक ओला वास आत येतो. इमारतीतले नवे लोक खिडक्या लावून घेतात, मी उघडते. माझ्यासाठी तो शाळेचा वास आहे. कोलशेतला पहिल्यांदा इंग्रजी शिकवायला उभी राहिले तेव्हा समोर बसलेल्या बहुतेक मुलांच्या टाचांवर मिठागराची पांढरी रेघ असायची, आणि पंखा फिरू लागला की हाच वास वर्गभर पसरायचा.

आज दहावीचा निकाल लागला आणि जीव भांड्यात पडला. तो का पडला हे तुम्हा दोघा नातवंडांना नीट सांगायचं आहे, कारण मध्ये एकदा धाकटीने व्हिडिओ कॉलवर मला तिच्या तिकडच्या, परदेशातल्या शाळेचं इंटरनेटवरचं पान दाखवलं होतं. त्यावर रंगीत वर्तुळं होती. कोणत्या वंशाची किती मुलं, गणितात किती पास, किती जणांना जेवण फुकट. आजी, तुझ्या शाळेचं असं पान आहे का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं, आणि नंतर कितीतरी वेळ ते पान मनातल्या मनात काढत बसले.

त्यातला पहिला रंग इथल्या जुन्या गावकऱ्यांचा, शेती आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचा. मग कारखाने आले, आणि त्यांच्या भोंग्यांबरोबर कोकणातल्या आणि देशावरच्या कामगारांची मुलं आली. डब्यातल्या भाकरीवरून मी गावं ओळखायची. पुढे कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. गावकऱ्यांनी जमिनी विकल्या, उरलेल्या तुकड्यांवर चाळी बांधल्या आणि आपली नातवंडं इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये बसवली. आता आमच्या सरकारी शाळेत त्यांच्या भाडेकरूंची मुलं असतात. लादी बसवणाऱ्यांची, रंगाऱ्यांची, वॉचमनची. घरी कन्नड, भोजपुरी, नेपाळी बोलणारी ही मुलं मधल्या सुट्टीत भांडतात मात्र चोख ठाण्याच्या मराठीत. टाचांवर आता सिमेंट असतं, एवढाच फरक.

निवृत्त झाल्यावरही मी दहावीला इंग्रजी शिकवायला जाते. दोन वर्षं निकाल घसरला होता, पटही रोडावला होता. यंदा तसंच झालं तर नववी-दहावी बंद करून मुलांना हायवेपलीकडच्या शाळेत पाठवायचं, असं वरून कळवलं गेलं. कागदावर ते सोपं दिसतं. पण मुलींच्या आया सरळ सांगत होत्या, तेवढ्या लांब नाही पाठवणार, आठवी पुष्कळ झाली. आम्ही जादा तास घेतले, व्याकरण पुन्हा सुरुवातीपासून शिकवलं. उपयोग होत नव्हता, आणि का होत नाही ते कळत नव्हतं.

जानेवारीत एक हुशार मुलगी टेबलापाशी आली. वडील लादी बसवणारे. उद्या सुट्टी आहे हे सांगावं इतक्या सहजपणे म्हणाली, "बाई, मी सोमवारपासून नाही येणार. आमचे अकरा महिने भरले."

इथे खोली अकरा महिन्यांच्या करारावर देतात आणि मुदत संपली की भाडेकरूच बदलतात. फार दिवस राहिला तर खोली बळकावेल, ही जुनी धास्ती. त्यामुळे ऐन वर्षात मुलं विठ्ठलवाडीला, दिव्याला, कुठे कुठे निघून जायची. कुणी तिथून नुसतं परीक्षेला यायचं, कुणी तेही नाही. गळती वर्गात नव्हतीच, चाळीत होती.

त्या मुलीच्या चाळीची मालकीण माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने ओटीवर खुर्ची मांडली. आधी च्या घ्या, म्हणाली, शाळेतनं आलात म्हंजे कायतरी मागालाच आलात. परीक्षा होईपर्यंत त्या मुलीच्या घरच्यांना राहू दे, असं मी मागितलं, तिने नाही म्हटलं. तिचं काही चुकत नव्हतं. एका भाडेकरूने वर्षानुवर्षं खोली अडवून धरली होती, आणि तिचे सासरे ठाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवताच गेले. एकाला थांबू दिला का सगले थांबतात, ती म्हणाली. मी चहा संपवला. निघताना तिनेच विचारलं, "लादीवाल्याची पोर? ती टाकीवर बसून मोठ्यानं पाठ करते ती?"

मी हो म्हटलं.

"शेवटचा पेपर होईस्तोवर. दुसऱ्या दिवशी खोली खाली. मंग माझ्या दारात रडाला येऊ नका, बाई."

त्याच आठवड्यात गावात एक हळद होती. इथे लग्नापेक्षा हळद मोठी. बँडच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गालांना हळद फासलेली ही मालकीण बँड थांबवून इतर चाळवाल्यांना म्हणाली, दहावीचं पोर असेल त्याला पेपर होईस्तोवर हलवाचं नाय. बाई इथंच बसल्यात, ज्याला नाय म्हणाचं त्यानं त्यांच्यासमोर म्हणा. त्यांतले निम्मे माझे जुने विद्यार्थी. टक्कल पडलेला एकजण हळूच म्हणाला, नाही म्हटलं तर बाई स्पेलिंग विचारतील. मग बँड पुन्हा सुरू झाला.

यंदा मार्चपर्यंत वर्ग भरलेला राहिला. आज निकाल चांगला आला, दहावी वाचली. लादीवाल्याची ती मुलगी विठ्ठलवाडीहून आली होती. ठरल्याप्रमाणे शेवटच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या दाराशी टेम्पो लागला होता. मालकिणीने शब्द दोन्ही बाजूंनी पाळला. निकाल फोनवर कळला होता, तरी तिला तो शाळेत येऊन सांगायचा होता. इंग्रजीत तिला आणखी गुण पडायला हवे होते, हे मी तिला सांगितलंच.

तेवढ्यात फाटकातून मालकीण आली. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात दोन वेण्यांच्या एका अनोळखी मुलीचं मनगट.

"लादीवाल्यांच्या खोलीत आलेत त्यांची पोर," ती म्हणाली. "ही यंदा दहावीला. खोली मधी रिकामी ठेवली, पन करार मेपासनं केला. मार्च सरल्यावर संपतो, पेपर मधी येत नाय आता."

टाकीवरच्या मुलीने तिला विचारलं, टाकीवर सावली कधी येते माहीत आहे का? आणि दोघी पेढा खात कोपऱ्यात गेल्या.

बाळांनो, माझ्या पानावरचे रंग असेच बदलत राहतील. पुढच्या वर्षी कोण कुठून येईल, मला सांगता येणार नाही, आणि त्याची चिंता मी आता सोडली आहे. जो रंग येईल तो शेवटच्या पेपरपर्यंत टिकला की झालं. आता भरती सुरू झाली आहे, वास विरत चालला आहे. खिडकी तशीच उघडी ठेवते.