पुदिन्याच्या रंगाचं पाकीट

माझी मुलगी मुग्धा पुण्यात खोक्यांची, पाकिटांची डिझाइनं करते. एकदा तिने नव्या सिगारेटच्या पाकिटाचा नमुना घरी आणला. पुदिन्यासारखा फिका हिरवा रंग, कडेला बारीक चंदेरी रेघ. जन्मात सिगारेट न ओढलेला मी ते रिकामं पाकीट कितीतरी वेळ हातात फिरवत बसलो. आतल्या तंबाखूबद्दल ते अवाक्षर काढत नव्हतं. मी ताजं आहे, हलकं आहे, तुझ्यासारखं आहे, एवढंच सांगत होतं. विशीतल्या माणसाला दुसरं काय ऐकायचं असतं?

"छान झालंय गं," मी म्हणालो.

"तेच ना, बाबा. ऑफिसातल्या नव्या मुली म्हणाल्या, ही कमी त्रासाची असेल. आत तंबाखू इतर सिगारेटींसारखाच आहे. त्यांना तसं वाटलं ते माझ्या रंगामुळे."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, हे काम मी पुढे करणार नाही. काम दुसऱ्याकडे गेलं, पाठोपाठ तिची बढतीही. तिने कुरकुर केली नाही.

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की तिने केलेल्या कामांच्या आधी मी तिने न केलेल्या या कामाबद्दल सांगतो.