ग्रीसच्या विजयाची खुर्ची

२००४च्या जूनमध्ये कॅनडातल्या फ्रेंचभाषक लव्हाल शहरात एका ग्रीक केशकर्तनकारानं माझे केस कापताना टीव्हीवर युरो फुटबॉल स्पर्धेतला ग्रीसचा गोल पाहिला आणि त्याचं श्रेय माझ्या बसण्याला दिलं. पुढे एका सामन्याला मी लॅबमध्ये अडकले, तर ग्रीस हरला.

“हा योगायोग आहे,” संख्याशास्त्र शिकलेली मी म्हणाले.

“असेल, मादमोआझेल. पण तुम्ही होतात कुठं?” टॉवेल झटकत त्यानं विचारलं.

त्यानंतर मी एकही सामना चुकवला नाही. सामनाभर त्याची कात्री चालू असे. ग्रीस युरोपचा विजेता झाला तेव्हा माझं डोकं जवळजवळ भादरलेलं होतं.

ऑगस्टमध्ये अथेन्सला ऑलिम्पिक सुरू होताच त्याचा फोन आला.

“केसच उरले नाहीत,” मी म्हणाले.

“मग नुसत्या बसा.”

हे गृहीतक अजून तपासलेलं नव्हतं. मी बूट घातले.